पेल्टियरवाला मिनी चिलर: अ‍ॅक्सोलॉटलच्या पिल्लांसाठी घेतला, खान्देशात कितपत चालला

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी अडीच. आणि त्यातला अर्धा माझ्या थर्माकोलच्या पेटीचा आहे, चिलरचा नाही. बाकीचं वाचायचं नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की तुमची खोली ३० च्या वर जात असेल तर हा घेऊ नका, पैसे पाण्यात जातील आणि पाणी गार पण होणार नाही.

वस्तू म्हणजे तो ऑनलाइन मिळणारा काळा डबा, वर लाल आकड्यांचा डिस्प्ले, मागे दोन नळ्या, सोबत टीचभर पंप. मला ६,८०० ला पडला. बॉक्सवर लिहिलंय ३० लिटरपर्यंत. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हुबेहूब हाच डबा मला चार-पाच नावांनी दिसला, कोणाला नाव ठेवणार. आत कॉम्प्रेसर वगैरे काही नाही, पेल्टियरची एक चौकोनी चकती, करंट दिला की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम, गार बाजूवरून पाणी फिरतं आणि गरम बाजूची उष्णता पंखा खोलीत फेकतो. हे शेवटचं वाक्य नीट वाचा, खोलीत फेकतो. मी ते घेताना वाचलंच नव्हतं.

माझं अमळनेर-पारोळा पट्ट्यात ठिबकच्या सामानाचं छोटं दुकान आहे, दुकानामागे घर. मासे लहानपणापासून पाळतोय, गप्पी, मॉली, नंतर फ्लॉवरहॉर्नचं खूळ पण झालं. अ‍ॅक्सोलॉटल हा नवा नाद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मेक्सिकोचा सॅलॅमँडर, बेडकाच्या भाऊबंदातला, पण हा कधी मोठाच होत नाही म्हणा ना, आयुष्यभर पाण्यात राहतो आणि डोक्याच्या बाजूचे कल्ल्यांचे तुरे तसेच बाहेर ठेवतो. पाय तुटला तर नवीन येतो. मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर २०२१ पासून हाच आहे. पण गडी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर. आपलं थंड हवेचं तोरणमाळ हजाराच्या थोडं वर, सोचिमिल्को त्याच्या जवळपास दुप्पट उंच. म्हणून ह्याला पाणी लागतं १६ ते १८ डिग्री, २२-२३ च्या पुढे गेला की त्रास सुरू. आणि मी राहतो कुठे, तर जिथे मे महिन्यात टाकीच्या पाण्याने हात धुवायची सोय नसते.

तर संक्रांतीच्या आठवड्यात नाशिकच्या मित्राने ८० अंडी दिली. त्याच्या जोडीची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे, हे मुद्दाम लिहितोय कारण हा प्राणी साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे आणि २०२२ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनंतर जवळ ठेवायचा तर नोंदणी करावीच लागते, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिली, मेली, सगळं कळवायचं असतं. कुरिअरने डबीत घालून पाठवणारे लोक हे सांगत नाहीत. ८० अंडी घेणं ही माझी पहिली चूक. वीस घ्यायची होती. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर आपला हात कुठे थांबतो.

सहा अंडी पांढरी पडली, त्यांना कापसासारखी बुरशी धरली, ती लगेच उचलून फेकली नाही तर शेजारच्यांनाही लागते. बाकी ७४ फुटली, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. सेंटिमीटरभर लांब, काचेसारखी, डोकं बाणाच्या टोकासारखं, पुढचे पाय पण नाहीत अजून, ते दोन-तीन आठवड्यांनी फुटतात. डब्याच्या तळाशी पडून असतात, मेलंय की जिवंत कळत नाही, ड्रॉपरने हलकं पाणी सोडलं की टुण्णकन उडतात तेव्हा कळतं. आजी येऊन वाकून बघून गेली, म्हणे, "हाई काय शे रे भो, पानीमानी पाल?" मी म्हटलं पाल नाही आजी, लई महाग वस्तू आहे. ती म्हणे, "मन्हा गुडघा दुखतस, ते कोन्ही दखत नही."

पहिल्या दहा दिवसांत २१ गेली.

म्हणजे रात्री सगळी ठीक, सकाळी तीन आडवी. दुसऱ्या दिवशी दोन. मग एक दिवस काहीच नाही, वाटलं थांबलं, मग एकदम पाच. आणि मेलेलं पिल्लू तासाभरात पांढरं धुक्यासारखं होतं, उचलताना ड्रॉपरमध्येच विरघळतं. मी दोष दिला गरमीला. सरळ हिशोब होता, खान्देश, गरमी, गार पाण्याचा प्राणी. म्हणून चिलर मागवला. आता मागे वळून बघतो तर त्या २१ मधली गरमीने किती गेली असतील, मला तरी वाटतं जेमतेम चार-पाच. फेब्रुवारीत तर आमच्याकडे रात्री खोली १५-१६ ला असते! मूळ भानगड ही की दुपारी तीच खोली २९ ला. लिटरभर पाण्याचा प्लास्टिकचा डबा, त्याला काय जीव, खोलीबरोबर तो पण वरखाली. पहाटे १५, दुपारी २६, रोज. मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलला पण हे झेपत नाही, इथे तर सेंटिमीटरभर जीव.

बाकीची गेली खाण्यापायी. पिल्लं फुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस काही खात नाहीत, पोटात पिवळा बलक असतो त्यावर चालतं. मी पहिल्याच दिवशी आर्टेमिया टाकला. आर्टेमिया म्हणजे ब्राइन श्रिंपची नुकती फुटलेली पिल्लं, खाऱ्या पाण्यातली, अर्ध्या मिलिमीटरची नारिंगी टिंबं. अ‍ॅक्सोलॉटलचं पिल्लू सुरुवातीला हललं तरच खातं, पावडर, पेलेटच्या गोळ्या, उकडलेला अंड्याचा बलक, काहीच चालत नाही, त्याला ते अन्न वाटतच नाही. आणि हा आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो. मग तळाशी पडतो, आधी नारिंगी, मग राखाडी, मग बुळबुळीत थर. त्या थरातून अमोनिया. आणि पिल्लू तर तळाशीच पडलेलं, नाक त्यातच.

तर चिलर आला, लावला. पहिला प्रयोग काचेच्या उघड्या टँकवर, ३० लिटर पाणी, खोली २९. पाच तास चालवला, पाणी आलं २५ ला आणि तिथेच बसलं. हलेना. पंख्याचा आवाज असा की धाकटा म्हणे चक्की लावली का दळायची. एक डिग्री उतरायला सव्वा तास घेतो हा, आणि चार डिग्रीनंतर त्याचा दमच संपतो. त्या दिवशी रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

मग कोळणीकडून माशाच्या दोन रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या आणल्या, साठ रुपयांना एक. तीनदा धुतल्या, दोन दिवस उन्हात टाकल्या, तरी आईने आठवडाभर नाक मुरडलं. पेटीत ३० लिटर पाणी आणि त्या पाण्यात पिल्लांचे डबे तरंगत ठेवले, लिटर-लिटरचे, शेवभाजीच्या पार्सलला वापरतात ना ते, पण नवे कोरे घ्या बरं का, तर्री लागलेला डबा कितीही घासा तेल जात नाही. चिलर फक्त डब्यांबाहेरच्या पाण्याला जोडला. झाकण लावलं. आणि चमत्कारच, खोली २९ आणि पेटीतलं पाणी २०. म्हणजे खोलीपेक्षा ८-९ डिग्री खाली, आणि महत्त्वाचं म्हणजे दिवसरात्र १८ ते २० च्या मध्ये. एका चिलरवर दोन पेट्या होत नाहीत, म्हणून दुसरीत गोठवलेल्या बाटल्या. लिटरची बाटली टाकली की पेटीचं पाणी साधारण दोन डिग्री उतरतं, दोन तास घेतं त्याला, आरामात. बर्फ किंवा बाटली थेट पिल्लांच्या डब्यात कधीच नाही, लिटरभर पाणी पाच मिनिटांत दहा डिग्री पडतं.

चिलर बाहेरच्या पाण्यालाच जोडायचं अजून एक कारण, पाणी ज्यातून फिरतं तो आतला ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे की तांब्याचा हे ना बॉक्सवर आहे ना कागदावर. तांबं अशा नाजूक जलचरांना विष. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं "सर इट इज व्हेरी गुड क्वालिटी". बरं.

पेट्या केल्या आणि मरणं थांबली. अगदी थांबली, बारा दिवस एकही नाही, ५३ पिल्लं, सगळ्यांची पोटं नारिंगी. हे पोट बघायचं खरंच शिका, बाकी काही नाही शिकलात तरी चालेल. पिल्लाची कातडी काचेसारखी असते, आर्टेमिया खाल्ला की पोटात आतून नारिंगी दिवा लावल्यासारखं दिसतं. मोबाईलचा टॉर्च बाजूने धरायचा आणि एकेक डबा बघायचा. ज्याचं पोट दोन जेवणं झाली तरी पांढरं, त्याला लगेच वेगळा डबा. ते एक तर आजारी आहे किंवा दांडगी भावंडं त्याला खाऊ देत नाहीत, आणि तसंच राहिलं तर तिसऱ्या दिवशी जाणार. पहिल्या लॉटमधली निदान पाच तरी अशीच उपाशी गेली असणार, मी तेव्हा डब्यात खाणं दिसतंय म्हणजे खातायत असं समजत होतो.

आता चिलरचा खरा दोष. ह्यासाठी मी दीड स्टार कापलाय.

फेब्रुवारीच्या शेवटी पारोळ्याला चुलतभावाचं लग्न. आदल्या रात्री एकच्या सुमाराला वीज गेली, तीनला आली असेल, झोपेतच कळलं. सकाळी आठला मी भरपूर आर्टेमिया टाकला, जरा जास्तच, म्हटलं दिवसभर घरी नाही. पाणी बदललं नाही, म्हटलं संध्याकाळी येऊन बदलू. चिलरचा डिस्प्ले चालू होता, आकडा दिसत होता, पंखा बंद होता, म्हटलं पाणी गार आहे म्हणून बंद असेल. गेलो. रात्री आठला आलो तर झाकण उघडल्या उघडल्या तो वास. जरा उग्र, ओला. बाहेरचं पाणी २६. त्या पेटीतली ११ पिल्लं मेलेली, काही उलटी, काही डब्याच्या कडेला चिकटलेली, आणि उरलेल्यांचे तुरे पुढे वळलेले, आकड्यासारखे, हे त्रासाचं लक्षण असतं.

झालं काय होतं, तर वीज जाऊन आली की हा डबा तुमचं सेटिंग विसरतो आणि कंपनीच्या २८ डिग्रीवर जातो. २८! म्हणजे पाणी २८ होईपर्यंत पंखा चालूच होणार नाही. आणि हे कागदावर कुठेही नाही. जिथे वीज जात नाही तिथे हा दोष कोणाला दिसणार पण नाही, आपल्याकडे मात्र हाच घात करतो.

पण नुसत्या २६ डिग्रीने एका दिवसात ११ जात नाहीत, हे मला नंतर बसून कळलं. डब्यातल्या पाण्याची टेस्ट केली, थेंबांवाली, पिवळं राहायला हवं ते हिरवं झालं, म्हणजे अमोनिया. आमचं बोअरचं पाणी, पीएच ८.२, म्हणजे क्षाराकडे झुकलेलं. पीएच जास्त आणि पाणी गरम असलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, १६ डिग्रीच्या पाण्यात जेवढा घातक भाग असतो तो २६ ला जवळपास दुप्पट. म्हणजे सकाळचं जास्तीचं खाणं, न बदललेलं पाणी, वर चढलेलं टेम्परेचर आणि आमचं हे बोअर, चौघांनी मिळून धरलं. ह्यातलं एकटं कोणतंही असतं तर बहुतेक वाचली असती. दुसऱ्या पेटीत, जिथे चिलर नव्हताच आणि धाकट्याने दुपारी आठवणीने बाटली बदलली होती, तिथे त्याच खाण्यावर, त्याच न बदललेल्या पाण्यावर एकही गेलं नाही. साठ रुपयांची पेटी आणि थम्सअपची जुनी बाटली.

त्या दिवसापासून माझा नेम असा. सकाळ-संध्याकाळ दोनदा खाणं, आणि खाणं टाकल्यावर दोन तासांनी ड्रॉपरने तळ उपसायचा, मग पूर्ण पाणी बदलायचं, पूर्ण म्हणजे शंभर टक्के, अर्धं नाही. नवीन पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून ठेवायचं. नळाचं असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब विसरू नका, नुसतं रात्रभर उघडं ठेवून साधा क्लोरीन उडतो पण क्लोरामाइन, म्हणजे त्याचाच चिवट प्रकार, नाही उडत. आणि इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट कामाला आली, ठिबकची ४ एमएमची मायक्रोट्यूब. बादली वर स्टुलावर, ट्यूब खाली डब्यात, ट्यूबला सैल गाठ मारायची, गाठ आवळली की थेंब थेंब, सोडली की धार. पिल्लाला नवीन पाण्याची सवय करायची तर अर्धा तास थेंब थेंब सोडायचं, ना पीएचचा धक्का ना गारठ्याचा. दहा रुपयांची वस्तू. परदेशातले लोक ह्यासाठी कसले कसले किट घेतात.

आर्टेमियाबद्दल पण लिहितो कारण अर्धा रिव्ह्यू त्याचाच आहे. दोन कोल्ड्रिंकच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या, त्यात पाणी आणि आर्टेमियाची अंडी, लिटरला २५ ग्रॅम खडे मीठ, हवेचा पंप जोरात, वर बल्ब. ह्याला मात्र २५ ते २८ डिग्री लागतं, म्हणजे ह्याच्यासाठी खान्देश एक नंबर, फुकटात हीटर. चोवीस तासांत फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर, जिवंत खाली, खालून नळीने काढून सुती रुमालातून गाळायचे, चहाच्या गाळणीतून सगळे निसटतात. मग गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर रोज थोडं थोडं मीठ डब्यात जातं. आणि फुटल्या फुटल्या खायला घालायचे, उशीर केला तर त्यांच्या पोटातला बलक संपतो आणि मग नुसतं टरफल खाऊ घातल्यासारखं. दोन बाटल्या एक दिवसाआड लावायच्या म्हणजे रोज ताजा मिळतो. एकदा माझ्या बाटलीतली अंडी फुटलीच नाहीत, जुनी होती, त्या दिवशी सगळे डबे उपाशी, आणि उपाशी पिल्लं काय करतात तर एकमेकांचे पाय खातात. खोटं नाही, दोन सेंटिमीटरची झाली की शेजारी जे हलेल त्यावर टक् करून झडप. एकाचा पुढचा पाय कोपरापासून गायब, एकाचा कल्ल्याचा तुरा. येतो परत, तीन आठवड्यांत माझ्यासमोर पंजा फुटला, आधी बोंडासारखी गाठ, मग तिला चार टोकं, बोटं चार. पण अशा जखमांतून बुरशी लागून तीन गेली, म्हणून मापाप्रमाणे वेगळे डबे करायचे, मोठी मोठ्यांत, छोटी छोट्यांत. पाचेक सेंटिमीटरनंतर ही खोड कमी होते.

अजून एक मरण चिलरच्या नावावर नाही, माझ्या आळसावर आहे. एका रविवारी आर्टेमिया लावायचा कंटाळा आला म्हणून मित्राच्या शेततळ्यातून डाफ्निया, म्हणजे पाण्यातले पिसवांएवढे जीव, आणली, जाळीने, मस्त लालसर. एका डब्यात टाकली, पाच पिल्लं होती. तासाभरात वेडीवाकडी पोहायला लागली, रात्रीपर्यंत पाचही साफ. शेततळ्याच्या तिन्ही बाजूंना शेतं आणि त्या आठवड्यात फवारणी झालेली. ह्यांची कातडी इतकी पातळ की पाण्यात जे असेल ते आत. म्हणून त्या खोलीत मी डासांचं मशीन लावत नाही, अगरबत्ती नाही, आणि हात घालण्याआधी साबणाचा अंश पण राहू देत नाही. नशीब एकाच डब्यात टाकली होती. नवीन काही आणलं तर एकाच डब्यात आधी, हे तेव्हापासून.

चिलरकडे परत. मार्चमध्ये होळीनंतर खोली ३३ झाली, पेटीतलं पाणी २५ वर आलं. बाटल्यांशिवाय भागेना. एप्रिलमध्ये तर हसूच, बाहेर ४२, कूलर लावून खोली ३१, चिलर पूर्ण दिवस फुल चालू आणि पाणी २३, त्यातही डबा स्वतःच गरम हवा फेकतोय ती मारायला कूलर. एक म्हैस विकून दुसरी घ्यायची आणि पहिलीचं वैरण पण चालू, तसा प्रकार. वीज म्हणाल तर ७० वॅटच्या आसपास, चोवीस तास धरलं तर महिन्याला पन्नास युनिट, ते फार नाही, पण फळ काय. खरं तर कोरड्या उन्हाळ्यात साधा क्लिपचा पंखा पाण्यावर मारला तरी तीन-चार डिग्री उतरतात, माठाचं जे गणित आहे तेच, फक्त पाणी उडतं ते रोज भरत राहायचं. १,२०० च्या पंख्यात जे होतं त्यासाठी ६,८०० का द्यायचे हा प्रश्न विचारायला हवा होता, मी विचारला एप्रिलमध्ये.

बाकी बारीकसारीक. डिस्प्लेचा आकडा काचेच्या थर्मामीटरपेक्षा दीड-दोन डिग्री कमी दाखवतो, म्हणजे १८ म्हणेल तेव्हा खरं पाणी जवळपास २०, साधा थर्मामीटर टाकून ठेवाच. पंख्याच्या जाळीत आमच्याकडे सरकीचा कापूस आणि धूळ इतकी बसते की दर आठ दिवसांनी उघडावा लागतो, स्क्रू चार आहेत, दोन पहिल्यांदाच घसरले. पंप चांगला आहे, खरंच, अजून चालू आहे, तो मी आता कूलरला लावलाय. वॉरंटी सहा महिने लिहिलीय, सेटिंग विसरण्याबद्दल तक्रार केली तर म्हणे हे फीचर आहे. पॅकिंग उत्तम. इन्व्हर्टरवर चालतो, मार्चमध्ये मी तसाच जोडला, त्यानंतर सेटिंगचा प्रश्न सुटला, म्हणजे सहा हजारांच्या वस्तूचा दोष झाकायला दुसऱ्या वस्तूचा आधार.

मग घ्यावा कोणी? ज्याच्याकडे आठ-दहाच पिल्लं आहेत, इन्व्हर्टर आहे, थर्माकोलची पेटी आहे आणि जो नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यातच पिल्लं वाढवून मोकळा होणार आहे, त्याला चालेल, त्याचं दुपारचं चढणारं टेम्परेचर हा नीट दाबून धरतो. माझ्यासारखी जानेवारीत अंडी आणून उन्हाळ्यात घुसायचं असेल तर कॉम्प्रेसरवालाच, तो महाग आहे, वीस हजारांच्या पुढे, पण मग नाद करायचा तर. आणि दोन्हींपैकी काहीच परवडत नसेल तर पेटी, सहा बाटल्या आणि फ्रीजरमध्ये त्यांच्यासाठी एक कप्पा. आमच्या फ्रीजरच्या त्या कप्प्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही.

शेवटचा आकडा ३४. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तशी गांडुळाचे तुकडे आणि पेलेट खायला लागली, मग जीव जरा खाली पडला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तीस नाशिकला मित्राकडे परत पोचवली, पहाटे चारला गाडी काढून, पेटीत बाटल्या घालून, धुळ्याच्या पुढे उजाडलं तेव्हा पाणी १७ होतं. त्याचीही पोर्टलवर नोंद केली. चार ठेवली आणि त्यांच्यासाठी शेवटी कॉम्प्रेसरवाला घेतला, उधारीवर. आजी आता रोज दुपारी त्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसते, घरात तेवढीच खोली गार म्हणून, आणि खाणं टाकायची वेळ झाली की मला हाक पण मारते.

हा छोटा विकायचाय. जाळी धुतलेली, घसरलेले स्क्रू बदललेले, पंपाशिवाय. तोरणमाळला कोणी पाळणारा असेल तर अर्ध्या किमतीत देईन, तिथे चालेल हा.